जेलमधून सुटल्यावर छोटा धंदा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी स्वतः साडेचार वर्षं आत होतो, पुण्यात, आधी कच्चा कैदी (केस चालू असताना) मग पक्का (शिक्षा लागल्यावर). आता इस्त्रीचं दुकान चालवतो, दुकान म्हणजे सोसायटीच्या भिंतीला लागून आठ बाय सहाची टपरी. कुणीतरी माझा नंबर कुणाला तरी देतं आणि रात्री दहानंतर मेसेज सुरू होतात, भाऊ तुम्ही कसं केलं, भाऊ बँकवाला असं म्हणतोय. प्रश्न तेच तेच असतात म्हणून एकदाचं लिहून काढलंय. मी वकील नाही, हे डोक्यात ठेवून वाचा. सगळं महाराष्ट्रापुरतं आहे.

१. शिक्षा भोगून आलोय. धंदा करायला कायद्याने बंदी असते का?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि लोक वर्षवर्ष या भीतीपायीच घरी बसून राहतात. भाजीची गाडी, टेलरिंग, सलून, किराणा, सुतारकाम, खानावळ, यातल्या कशालाही तुमची शिक्षा आडवी येत नाही. अडतं ते मोजक्या ठिकाणी: जिथे पोलिसांची चारित्र्य पडताळणी लागते तिथे (प्रश्न ९) आणि कंपनीचा डायरेक्टर व्हायचं असेल तर (प्रश्न १७). कोर्टाने तुम्हाला जेलमध्ये न पाठवता १९५८ च्या परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्याखाली सोडलं असेल तर त्याच कायद्याचं कलम १२ सांगतं की दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता तुम्हाला लागत नाही. तो आदेश जपून ठेवा, खूप जणांना आपल्याकडे तो आहे हेच माहीत नसतं.

२. सुटल्या सुटल्या पहिल्या आठवड्यात काय करू?

धंद्याचं नंतर, आधी कागद. सुटताना सुटकेचा दाखला मिळतो, त्याच्या चार झेरॉक्स काढा आणि ओरिजनल प्लास्टिकमध्ये घालून घरातल्या जबाबदार माणसाकडे द्या. पीपीसीचे (तुमच्या नावावर जेलमध्ये जमा असलेले) उरलेले पैसे आणि कामाचा पगार किती मिळाला ते मोजून तिथेच सही करा, गेटबाहेर आल्यावर आठवलं तर चकरा माराव्या लागतात.

मग आधार. आधारला जोडलेला मोबाईल नंबर बहुतेकांचा गेलेला असतो, कारण रिचार्ज नाही म्हणून कंपनीने तो नंबर केव्हाच दुसऱ्याला दिलेला असतो, आणि आज ओटीपीशिवाय एक पान हलत नाही. म्हणून नवीन सिम, लगेच आधार केंद्र, नंबर बदलून घ्या. मग पॅन. तुम्ही आत असताना पॅन आधारशी जोडायची मुदत ३० जून २०२३ ला संपली, जोडलेलं नसेल तर १ जुलैपासून पॅन निष्क्रिय. १००० रुपये भरून ते चालू होतं. गाडी चालवत होतात तर लायसन्सची तारीख बघा, संपून एक वर्षाच्या वर झालं असेल तर परत टेस्ट द्यावी लागते. रेशनकार्डावरून नाव कमी झालंय का तेही बघा, पत्त्याचा पुरावा म्हणून कुठेही विचारतात.

हे सगळं एका आठवड्यात होत नाही, मला दोन महिने लागले. पण ओळीने करा, आधी नंबर मग बाकीचं.

३. माझं जुनं बँक खातं बंद आहे, बँकवाले उभं करत नाहीत. काय करू?

दोन वर्षं खात्यात तुम्ही काही व्यवहार केला नाही की बँक ते निष्क्रिय करते. ते बंद झालेलं नसतं, झोपलेलं असतं. आधार, पॅन, फोटो, अर्ज दिला की चालू करून द्यावं लागतं आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे त्याला चार्ज नाही. निष्क्रिय खात्यावर मिनिमम बॅलन्सचा दंडही लावता येत नाही. काउंटरवर तुम्ही कुठे होतात हे सांगायची गरज नाही, "बाहेर होतो" एवढं पुरे. मला एका बँकेत तीनदा परत पाठवलं, चौथ्यांदा मी अर्जाच्या कॉपीवर पोचशिक्का मागितला आणि वीस मिनिटांत काम झालं. पोचशिक्का हा शब्द पाठ करा.

खातं पोलिसांनी केसमध्ये गोठवलं असेल तर मात्र वेगळं, तिथे मॅनेजरशी भांडून उपयोग नाही, कोर्टात अर्ज करून आदेश आणावा लागतो. तोवर दुसऱ्या बँकेत जनधन खातं उघडा.

४. कोणता धंदा करू?

मला विचारू नका, स्वतःचे हात बघा. आत काय शिकलात? येरवड्यात सुतारकाम, शिवण, विणकाम, लाँड्री, बेकरी चालतं, नाशिकरोडला गणपतीच्या मूर्ती होतात. तिथे दोन वर्षं रोज केलेलं काम हे खरं कौशल्य आहे, बाहेर लोक ते शिकायला पैसे भरतात. सर्टिफिकेट मिळालं असेल तर काढून ठेवा, पण त्यावर कारागृहाचं नाव आहे का हे एकदा बघा म्हणजे कुणाला दाखवायचं ते ठरवता येईल.

मी लाँड्रीत होतो म्हणून इस्त्री. रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून एक पितळी कोळशाची इस्त्री घेतली, हँडलचं लाकूड एका बाजूला जळालेलं, झाकणाचा कोंबडा तुटलेला, तिथे तारेचा तुकडा. पहिल्या आठवड्यात एका काकूंची शिफॉनची ओढणी जाळली कारण आत आम्ही नुसत्या खाकी आणि पांढऱ्या जाड कपड्यांवर इस्त्री मारायचो, शिफॉनला हातच लावला नव्हता. सहाशे रुपये भरून दिले, आठवड्याची कमाई गेली. तर शिकलेलं काम आणि गिऱ्हाइकाचं काम यात फरक असतो, पहिले पंधरा दिवस कुणाच्या तरी हाताखाली काढलेत तर ओढणी वाचेल.

एक नियम मात्र सांगतो: रोजच्या रोज रोकड येईल असा धंदा निवडा. महिन्याने बिल मिळणारी कंत्राटं, उधारीवर माल, हे पहिल्या वर्षी नको. घरात खाणारी तोंडं वाट बघत नाहीत.

५. भांडवल किती लागेल आणि सरकारी कर्ज मिळतं का?

हातगाडी किंवा इस्त्रीसारख्या कामाला दहा-वीस हजारात सुरुवात होते. तेवढं घरातून, भिशीतून, पगारातून जमत असेल तर कर्ज घेऊच नका. सावकाराकडे तर अजिबात नको, मी अशी दोन पोरं बघितलीत जी त्या व्याजापायीच परत आत गेली.

कर्ज लागणारच असेल तर:

पीएम स्वनिधी हे फेरीवाल्यांसाठी आहे, पहिला हप्ता आधी १०,००० होता, २०२५ मध्ये १५,००० केला, तो वेळेत फेडला की २५,००० आणि मग ५०,०००. तारण नाही आणि वेळेवर भरलं तर व्याजात ७ टक्के सवलत. पालिकेचं विक्री प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र लागतं.

मुद्राचं शिशु कर्ज ५०,००० पर्यंत, तेही विनातारण, पण बँक तुमचं सिबिल, म्हणजे जुन्या कर्जफेडीचा रेकॉर्ड बघणार (प्रश्न ६).

पीएम विश्वकर्मा २०२३ ला आलं, १८ पारंपरिक व्यवसायांसाठी, त्यात सुतार, लोहार, न्हावी, शिंपी, चांभार, गवंडी, परीट सगळे आहेत. ट्रेनिंगच्या दिवसांचे रोज ५००, हत्यारांसाठी १५,००० चं व्हाउचर, आणि ५ टक्क्याने आधी १ लाख मग २ लाख. कुटुंबातल्या एकालाच मिळतं, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं, तर त्यातल्या कुणी आधीच घेतलंय का विचारा.

मोठं काही करायचं असेल तर जिल्हा उद्योग केंद्रात मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम विचारा, त्यात १५ ते ३५ टक्के अनुदान असतं. जातीप्रमाणे महामंडळं आहेत, महात्मा फुले, अण्णाभाऊ साठे, वसंतराव नाईक, अण्णासाहेब पाटील. आणि जिल्हा महिला व बालविकास कार्यालयातल्या परिविक्षा अधिकाऱ्याला भेटा, सुटलेल्या बंद्यांना मदत हे त्यांचंच काम आहे, तिथे कुणी जात नाही म्हणून लोकांना माहीत नाही. मुंबईकडचे असाल तर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा प्रयास हा प्रकल्प १९९० पासून याच कामात आहे.

"जिव्हाळा" कर्जाबद्दल सारखं विचारतात. राज्य सहकारी बँकेने १ मे २०२२ ला येरवड्यात सुरू केलेली ही योजना आत असलेल्या कैद्यांसाठी आहे, ५०,००० पर्यंत, ७ टक्के, आणि फेड जेलमधल्या कमाईतून. सुटल्यावर अर्ज करायचा नसतो. भाऊ अजून आत असेल तर त्याला कळवा.

६. आत जायच्या आधी बाइकचं कर्ज होतं, ते थकलं. आता मुद्रा मिळेल का?

तसंच सोडलंत तर अवघड आहे. आधी सिबिल रिपोर्ट काढा, वर्षातून एकदा फुकट मिळतो. मग ज्यांचं कर्ज आहे त्यांच्याकडे स्वतः जा. ते सेटलमेंट देतील, म्हणजे पन्नास हजाराचे वीस घेऊन मिटवू, ऐकायला गोड लागतं पण रिपोर्टवर "सेटल्ड" असं पडतं आणि पुढचा बँकवाला ते बघून नाक मुरडतो. जमेल तर हप्ते बांधून पूर्ण फेडा, "क्लोज्ड" पडू द्या आणि काही बाकी नाही असा नो ड्यूज दाखला घ्या. तोवर धंदा छोटा ठेवा.

७. लायसन्स कुठली कुठली लागतात?

वाटतात तेवढी नाही. दुकान असेल आणि तुम्ही एकटे किंवा दोन-चार माणसं असाल तर शॉप अ‍ॅक्टची फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. उद्यम (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) आधारवर होते आणि फुकट आहे, त्याचे हजार-दोन हजार मागणाऱ्या एजंटला सरळ नाही म्हणा. खायचं काही विकणार असाल तर अन्न नोंदणी, छोट्या विक्रेत्याला वर्षाला १०० रुपये. रस्त्यावर बसणार असाल तर २०१४ च्या फेरीवाला कायद्याप्रमाणे पालिकेचं प्रमाणपत्र. जीएसटी मालाच्या धंद्यात वर्षाला ४० लाख आणि सेवेत २० लाख उलाढालीच्या वर, तिथवर पोचलात की मला चहा पाजा.

यातल्या एकाही ठिकाणी चारित्र्याचा दाखला लागत नाही.

८. फॉर्मवर "गुन्हा दाखल आहे का" विचारलं तर काय लिहू?

खरं. विचारलेलं नसेल तर स्वतःहून लिहू नका, विचारलं असेल तर लपवू नका. प्रश्न नीट वाचा, कारण "शिक्षा झाली आहे का" आणि "केस चालू आहे का" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. निर्दोष सुटला असाल तर पहिल्याचं उत्तर "नाही" हेच खरं उत्तर आहे, आणि निकालाची सही-शिक्क्याची प्रत कोर्टातून काढून ठेवा कारण पोलिसांच्या कॉम्प्युटरवर कधीकधी केस तशीच लटकलेली दिसते. खोटं लिहून सापडलात तर लायसन्स जातंच आणि वर नवीन भानगड होते.

९. रिक्षा चालवू शकतो का?

इथे अडतं. बॅज देताना पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होते आणि गंभीर गुन्ह्यात शिक्षा असेल तर नकार येऊ शकतो. अ‍ॅपवाल्या कॅब आणि डिलिव्हरी कंपन्या स्वतःची वेगळी पडताळणी करतात. आधी आरटीओत विचारा आणि मगच रिक्षाचं डाउनपेमेंट भरा, उलट करणारे दोघे माझ्या ओळखीचे आहेत, दोघांचीही रिक्षा दुसराच चालवतोय.

१०. गाळा कोणी भाड्याने देत नाही. काय करू?

अनोळखी मालकाकडे एजंटमार्फत जाऊ नका, पोलिस व्हेरिफिकेशनचा विषय निघाला की संपलं. ओळखीच्या माणसाकडून जा. मला टपरीची जागा आमच्या तालमीतल्या एका दादांमुळे मिळाली, त्यांनी सोसायटीच्या चेअरमनला माझ्यासमोर सगळं सांगितलं, चेअरमन पाच मिनिटं गप्प बसले आणि मग म्हणाले तीन महिने बघू. ते तीन महिने अजून चालूच आहेत. जागा नसेल तर बिनजागेचा धंदा करा, मी पहिले आठ महिने घरोघर जाऊन कपडे आणायचो आणि घरच्या ओट्यावर इस्त्री करायचो.

११. गिऱ्हाइकांना सांगायचं का?

यावर लोक माझ्याशी भांडतात. माझं म्हणणं असं की बोर्ड लावायची गरज नाही आणि लपवायचीही नाही. गल्लीत तसंही सगळ्यांना माहीत असतं, तुम्हाला फक्त वाटतं की माहीत नाही.

माझ्याकडे एक रिटायर्ड मास्तर यायचे, सहा सदरे, सहा पायजमे, दर शनिवारी. एकदा सदऱ्याच्या खिशात पाचशेची नोट राहिली होती, मी ती कागदात गुंडाळून गठ्ठ्यावर ठेवली. मास्तरांनी नोट बघितली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तुझं मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं रे." मला वाटत होतं मी वर्षभर किती हुशारीने लपवलंय! त्या नंतर त्यांच्या बिल्डिंगमधली आणखी चार घरं आली. आता खिशात जे सापडेल ते, अगदी बसचं तिकीट असलं तरी, मी कागदात बांधून वर ठेवतो.

ज्याला सांगायलाच हवं असा एकच माणूस: ज्याच्या जागेवर किंवा पैशावर तुम्ही उभे आहात. त्याला दुसऱ्याकडून कळलं तर त्याला फसवल्यासारखं वाटणार, आणि त्यात त्याची चूक नाही. बाकी गुन्ह्याची गोष्ट तपशिलात कुणालाच सांगू नका. "चूक झाली, शिक्षा भोगली, आता हे काम करतो", एवढ्यावर थांबायचं.

१२. पोलिस सारखे दुकानावर येतात, गिऱ्हाईक घाबरतं.

गणपती, निवडणूक, कुठे चोरी झाली, की जुन्या यादीतल्या लोकांना बोलावणं येतं आणि चॅप्टर केस (गुन्हा होऊ नये म्हणून आधीच केलेली कारवाई) करून चांगल्या वर्तणुकीचा बाँड घेतात. पूर्वी ते सीआरपीसी (जुना फौजदारी प्रक्रिया कायदा) कलम १०७ किंवा ११० होतं, आता नवीन कायद्यात (बीएनएसएस) १२६ आणि १२९. बोलावलं तर जा, टाळू नका, पण दुकानावर बोलायच्या ऐवजी "साहेब, मी संध्याकाळी चौकीत येतो" असं नम्रपणे म्हणा, बहुतेक जण ऐकतात. धंद्याचे कागद, उद्यम, भाडेकरार हे फाइलमध्ये दुकानातच ठेवा. पोटापाण्याचा उद्योग आहे हे दाखवता आलं की अर्धी हवा जाते.

पारधी आणि इतर भटक्या-विमुक्त घरातल्या पोरांचं दुखणं जास्त खोल आहे, त्यांच्या जमातींवरचा गुन्हेगारीचा शिक्का कायद्याने १९५२ ला पुसला पण चौकीत अजून दिसतो. विनाकारण उचलत असतील तर विधी सेवा प्राधिकरणात जा (प्रश्न १५).

१३. मी बाई आहे. सासर-माहेर दोन्हीकडे दार बंद आहे. मी कशी सुरुवात करू?

ताई, खरं सांगायचं तर पुरुष सुटून आला की घरात जेवायला वाढतात, बाई आली की दार लावतात, हे मी डोळ्याने बघितलंय. आधी राहायची सोय, परिविक्षा अधिकारी किंवा महिला वसतिगृह. बचत गटात शिरता आलं तर उत्तम, माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) किंवा उमेद (गावाकडच्या बचत गटांचं सरकारी अभियान) यांच्या गावातल्या कार्यकर्तीला भेटा, पण गटातल्या बायका नाव ऐकून कुजबुजणार, सहा महिने हप्ता वेळेवर भरला की थांबतात. माझ्या ओळखीच्या एका ताईंनी आत शिवण शिकली होती, आता फॉल-पिकोचं काम करतात, एका साडीच्या दुकानाबाहेर मशीन टाकून. नवरा कर्ज तुमच्या नावावर काढायला सांगत असेल तर आधी विचार करा, फेडायची जबाबदारी तुमची राहते. पुरुषांनो, हे तुम्हालाही लागू आहे.

१४. आतला दोस्त पार्टनरशिप मागतोय. घेऊ का?

माणूस चांगला असेलही. पण त्याची केस चालू असेल तर त्याच्या तारखा, त्याचे पोलिस, त्याच्याकडे जुने पैसे मागणारे सगळे तुमच्या टपरीवर येणार. एकत्र चहा प्या, गल्ला वेगळा ठेवा.

१५. केस अजून चालू आहे, जामिनावर आहे. धंदा करता येईल?

येतो. जामिनाच्या अटी वाचा: जिल्हा सोडायचा नाही, अमुक दिवशी हजेरी, साक्षीदारांच्या भागात जायचं नाही. माल आणायला बाहेरगावी जावं लागत असेल तर ज्या कोर्टाने जामीन दिला तिथे अट शिथिल करायचा अर्ज करा, धंद्यासाठीच जायचंय हे दाखवलं की बऱ्याचदा मिळतं. न विचारता गेलात तर जामीन रद्द होऊ शकतो. तारखेच्या दिवशी दुकान कोण बघणार ते आधी ठरवा. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण फुकट वकील देतं, महिला आणि एससी-एसटींना उत्पन्न न बघता. हेल्पलाइन १५१००.

१६. मी तडीपार आहे आणि दुकान त्याच हद्दीत आहे. मग?

दुकानात पाय ठेवू नका, ऑर्डर मोडली तर नवीन गुन्हा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५५, ५६, ५७ खाली तडीपारी जास्तीत जास्त दोन वर्षांची असते. ऑर्डरच्या विरोधात सरकारकडे अपील ३० दिवसांत करता येतं. मधल्या काळात दुकान घरच्यांनी चालवायला कायद्याची हरकत नाही, तुम्ही फोनवरून हिशोब बघा. घरात लग्न-मयत असेल तर तात्पुरती परवानगी मागता येते, ती लेखी घ्या.

१७. प्रायव्हेट लिमिटेड काढायची आहे. डायरेक्टर होता येतं?

सहा महिने किंवा जास्त शिक्षा झाली असेल तर ती संपल्यापासून पाच वर्षं नाही. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा असेल तर कधीच नाही. कंपनी कायदा २०१३, कलम १६४. स्वतःच्या नावाचा धंदा किंवा साधी भागीदारी याला ही अट नाही, आणि खरं सांगू का, वडापावच्या गाडीला प्रायव्हेट लिमिटेड लागत नाही.

१८. सतरा वर्षांचा असताना निरीक्षणगृहात होतो. ते सांगावं लागतं का?

बाल न्याय कायदा २०१५ चं कलम २४ म्हणतं की त्यामुळे कुठलीही अपात्रता येत नाही, आणि अपीलची मुदत गेली की रेकॉर्ड नष्ट करायचं असतं. अपवाद एकच, सोळा पूर्ण झाल्यावर अतिगंभीर गुन्ह्यात बाल न्यायालयात मोठ्या माणसासारखी केस चालून दोषी ठरला असाल तर. तसं नसेल तर हा विषय तुमच्या धंद्यात कुठेच येत नाही.

१९. मी अजून आत आहे, संचित रजेवर (फर्लोवर) आलोय. आत्ताच सुरू करू का?

सुरू नको, तयारी करा. आधारचा नंबर, पॅन, झोपलेलं खातं (प्रश्न २ आणि ३), एवढं उरकलंत तरी पुढचे दोन महिने वाचतील. ज्याच्याकडे जागा आहे त्याला स्वतः जाऊन भेटा. रजेच्या अटीत पोलिस ठाण्याची हजेरी असेल तर ती चुकवू नका, आणि परत जायच्या दिवशी गाडी चुकेल इतक्या उशिरा घरून निघू नका. उशिरा पोचलात तर शिक्षेत मिळालेली माफी (सूट) कापतात आणि पुढची रजा अडते. एक जण मला म्हणाला, भाऊ, इस्त्री घेऊन ठेवू का? मी म्हटलं ठेव, पण तेल लावून, फडक्यात गुंडाळून, नाहीतर सुटेपर्यंत तळाला गंज चढतो आणि पहिलाच पांढरा शर्ट जातो.